उकालो आणि ओरालो: चार नागपूरकर अन्नपूर्णा बेस कॅम्पला

देउरालीच्या लॉजमध्ये भात वाढायला आलेल्या मुलीला भाऊजींनी "बस" म्हटलं, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. नेपाळात दाल-भात एकदा मागवला की डाळ, भात, भाजी पोट भरेस्तोवर वाढतात, पैसे एकाच ताटाचे. खालच्या दोन मुक्कामांवर या माणसाने त्या सोयीचा पुरेपूर फायदा घेतला होता. आज अर्धं ताट तसंच पडलं. "थकलो जी, बाकी काही नाही," म्हणाले आणि पांघरुणात शिरले.

त्याचं पुढे सांगतो. आधी निघालो कसे ते.

आम्ही चौघं: मी वय ४४, ताई ५१, भाऊजी ५६ आणि त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, २२. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर, बेस कॅम्प ४१३० वर. आमच्याकडे डोंगर म्हणजे सेमिनरी हिल्स, आणि त्याला डोंगर म्हणायलाही जरा धीटपणा लागतो. तरी तीन महिने नेमाने पहाटे फुटाळ्यावरून सेमिनरी हिल्सचा चढ आणि रविवारी रामटेकच्या गडाच्या पायऱ्या केल्या. पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. चढताना घड्याळ लावायचो, उतरताना मात्र गप्पा मारत धडाधड खाली, कारण खाली तर्री-पोहे. ही चूक किती महाग पडणार होती, हे छोमरोंगच्या पायऱ्यांवर कळलं.

नागपूरहून गोरखपूरला राप्तीसागर एक्स्प्रेस थेट जाते, पण रोज नसते, म्हणून आधी गाडीचा वार पाहा आणि मग रजा टाका. गोरखपूरहून बसने सोनौली. तिथे कमान ओलांडली की नेपाळ. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा, नुसत्या आधारच्या भरवशावर निघू नका. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. आपले १०० रुपये म्हणजे तिथले १६०, हा दर ठरलेला आहे. शंभराच्या नोटांची जाड गड्डी नागपुरातूनच घेऊन जा. मोठ्या नोटा पुढे केल्या की दुकानदार आधी त्या नोटेकडे आणि मग तुमच्याकडे बघतो. पोखऱ्यात बऱ्याच दुकानांत आपलं यूपीआय चालतं, डोंगरात मात्र रोखच. सिम नेपाळ टेलिकॉमचं घ्या, दुसऱ्या कंपनीचं घेणारा भाचा चार दिवस माझ्याच फोनवर होता.

सोनौलीहून पोखऱ्याचा रस्ता बुटवल, पाल्पामार्गे जातो. नकाशावर दोनशे किलोमीटरच्या आत दिसतं, प्रत्यक्षात दिवस जातो. वळणांनी ताईच्या पोटात इतकं ढवळलं की तिने तेव्हाच परतीचं विमान विचारलं. उलटीची गोळी बसायच्या अर्धा तास आधी घ्यायची असते, बस हलू लागल्यावर नाही.

पोखऱ्यात परमिट काढलं. अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचं शुल्क इतर परदेशी लोकांना ३००० नेपाळी रुपये, आपण सार्कवाले म्हणून १०००. परदेशी ट्रेकरने परवानाधारक गाइड घ्यावा असा नियम नेपाळ टुरिझम बोर्डाने १ एप्रिल २०२३ पासून केलेला आहे. नियम नसता तरी मी घेतलाच असता. गाइड एक आणि पोर्टर दोन, अशी आमची रचना होती. चौघांत एक पोर्टर ठेवून पैसे वाचवू नका. एक तर त्या बिचाऱ्याच्या पाठीवर चौघांचं सामान लादणं बरं नाही, आणि दुसरं कारण देउरालीला समजेलच. गाइड-पोर्टरांचा विमा आहे का, हेही ठरवतानाच विचारा. स्वतःचा विमा काढताना किती उंचीपर्यंत लागू आहे आणि त्यात हेलिकॉप्टर धरलंय का, ते बारीक अक्षरात वाचा.

पहिल्याच दिवशी नात्यांचा घोळ झाला. आम्ही सगळे "भाऊजी, भाऊजी" करतोय आणि गाइड तोंड दाबून हसतोय. शेवटी कळलं की नेपाळीत 'भाउजू' म्हणजे वहिनी. मिशीवाल्या वहिनी! भाऊजींनीही वचपा काढला. तिकडे थोरल्या भावाला 'दाइ' म्हणतात, ते ऐकून ते म्हणाले, "आमच्याकडे दाई बाळंतपण करते बाप्पा." त्यानंतर गाइड त्यांचा जिगरी झाला.

आणखी दोन शब्द पाठ करून घ्या. चढ म्हणजे उकालो, उतार म्हणजे ओरालो. पुढचा रस्ता सपाट आहे का असं विचारलं तर गाइड गंभीर चेहऱ्याने म्हणेल, "नेपाली सपाट." म्हणजे थोडं वर, थोडं खाली, दिवसभर.

आम्ही जीपने झिनूच्या अलीकडपर्यंत गेलो, मग मोदी खोला या नदीवरचा लांबलचक झुलता पूल आणि तिथून छोमरोंगचा चढ. छोमरोंग साधारण २१७० मीटरवर. गंमत अशी की तिथे पोचलात की दुसऱ्या दिवशी त्याच गावाच्या पायऱ्या उतरत पार नदीपर्यंत जायचं आणि पलीकडे सिनुवाला तेवढंच पुन्हा चढायचं. ताई मध्येच बसली आणि म्हणाली, "मग काल कायले चढलो आपण?" याला गाइडकडेही उत्तर नव्हतं.

सिनुवाच्या पुढे मांस नेत नाहीत. माछापुच्छ्रेच्या कुशीतलं ते क्षेत्र स्थानिक लोक पवित्र मानतात, आणि त्या ६९९३ मीटरच्या शिखरावर चढायलाही परवानगी नाही. सावजीवर वाढलेल्या भाच्याने हे ऐकून सिनुवाआधी दोन वेळचं चिकन एकाच जेवणात संपवलं. तसं करू नका, पुढची चढण त्याने ढेकर देत काढली.

दुसरा मुक्काम दोभान, सुमारे २६०० मीटर. तिसरा देउराली, ३२३० च्या आसपास. इथे हिशेब नीट बघा. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, असा साधा नियम आहे. आम्ही सहाशेच्या वर गेलो होतो. त्यातून भाऊजींनी दोभानला "एवढीशीच" म्हणत कोदोची रक्सी, म्हणजे नाचणीची गावठी दारू, घेतली होती, आणि वारंवार बाहेर जावं लागतं म्हणून पाणी कमी पीत होते. रात्री दोनला ताईने मला उठवलं. ते बिछान्यात बसून होते, डोकं दोन्ही हातांनी धरून. एकदा उलटी झालेली. तरी, "मले काही नाही झालं. सकाळी निघू."

गाइडने फार प्रश्न विचारले नाहीत. डोकं दुखतंय, जेवण गेलं नाही, मळमळ आहे, एवढं ऐकलं आणि त्यांना खोलीतल्या फरशीच्या रेघेवर टाचेला पाऊल लावत चालायला सांगितलं. बाजारात भाव करावा तसे भाऊजी घासाघीस करत होते, पण चालले सरळ. तोल गेला असता तर त्या अंधारातच उतरवलं असतं, असं गाइड नंतर म्हणाला. तोल जाणं, बोलणं अडखळणं किंवा बसल्या जागी धाप लागणं ही मेंदूत वा फुप्फुसात पाणी साठत असल्याची खूण असते, तिथे सकाळची वाट बघत नाहीत. आमच्याकडे तेवढी वेळ आली नाही. उजाडताच ताई, भाऊजी आणि रस्ता पाठ असलेला एक पोर्टर खाली निघाले. दुसरा पोर्टर का हवा, ते हेच कारण.

दुपारी ते बांबूला पोचले, म्हणजे नऊशे मीटर खाली. संध्याकाळी फोन आला. मागे थाळीचा आवाज. "तिसऱ्यांदा भात घेऊन राहिलो," भाऊजी म्हणाले.

उंचीचा त्रास वयावर किंवा तब्येतीवर जात नाही. रोज जिमला जाणाऱ्यालाही होतो आणि बिडी ओढणारा मामा सुटतो. ॲसिटाझोलामाइडची गोळी नागपुरातच डॉक्टरांना विचारून ठरवा, सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगा. पण सगळ्यात मोठा धोका गोळी विसरण्याचा नाही, त्रास लपवण्याचा आहे. आपल्या माणसांना "मी नाही येत पुढे" म्हणायला फार जड जातं, त्यातून पैसे भरलेले. म्हणून निघायच्या आधीच घरात ठरवून ठेवा की रोज रात्री प्रत्येकाने डोकं, भूक आणि झोप यांचा खरा हिशेब सांगायचा, आणि गाइड उतरा म्हणाला की चर्चा बंद.

मी आणि भाचा पुढे गेलो. देउरालीनंतरचा पट्टा हिमस्खलनाचा. दिवाळीनंतरच्या दिवसांत कोरडा होता, पण बर्फाच्या काळात गाइड म्हणेल त्या वेळीच आणि न थांबता ओलांडा. १७ जानेवारी २०२० ला याच भागात ट्रेकर गाडले गेले. आम्ही माछापुच्छ्रे बेस कॅम्पला, ३७०० मीटरवर, मुक्काम केला. बरेच जण त्याच दिवशी बेस कॅम्प गाठून तिथेच झोपतात. मी तसं सुचवणार नाही. आदल्या रात्रीचं बघितल्यावर तर नाहीच. सिझनमध्ये खोल्या भरतात, गाइडला आधी फोन करायला सांगा. पॉवर बँक, फोन, दुसऱ्या दिवसाचे मोजे सगळं झोपताना स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. उशाची बाटली सकाळी वाजत होती, आत बर्फ.

पहाटे चारला निघालो. बेस कॅम्पच्या पाटीपाशी पोचलो तेव्हा अंधार फिका होत होता, आणि मग अन्नपूर्णेच्या ८०९१ मीटरवरच्या टोकाला एक केशरी ठिपका लागला. ठिपका खाली सरकत गेला तसा भाचा, जो दिवसभर तोंड मिटत नाही, हातमोजे काढून नुसता उभा. त्याला मी हातमोजे घालायला लावले, कारण इथलाच एक किस्सा. ८००० मीटरवरचं माणसाने गाठलेलं पहिलं शिखर हेच, ३ जून १९५०, मोरिस हर्झोग आणि लुई लाशनाल. शिखर मिळालं, आणि उतरायला लागल्यावर हर्झोगचे हातमोजे निसटून घरंगळत गेले. हाता-पायांची बोटं कापावी लागली. ते उत्तरेकडून चढले होते. समोर दिसतो तो दक्षिणेचा कडा १९७० मध्ये ब्रिटिशांनी सर केला, आणि त्या मोहिमेतला इयन क्लफ शिखर झाल्यावर, सगळे खाली परतत असताना, बर्फाखाली गेला. तिथेच वाऱ्यावर फडफडणाऱ्या पताकांमध्ये अनातोली बुक्रीव्ह या गिर्यारोहकाचं स्मारक आहे. १९९७ च्या नाताळात याच डोंगरावर त्याचा जीव गेला.

तासाभरात निघालो. आता ओरालो.

निघताना गाइड माझ्या पायाशी बसला. बूट सैल करून टाच दगडावर दोनदा मागे आपटली, म्हणजे टाच बुटाच्या मागच्या कपात बसते. बोटांवरची लेस ढिली ठेवली. घोट्याच्या वळणावर मात्र लेस दोनदा गुंडाळून घट्ट आवळली आणि वर गाठ मारली. असं केलं की उतारावर पाय पुढे घसरत नाही. हे मला पहिल्या दिवशी कळलं असतं तर बरं झालं असतं. माझे बूट सीताबर्डीच्या दुकानात बसून, पातळ मोजे घालून, बरोबर मापाचे घेतलेले. जाड मोजे घालून एक नंबर मोठे घ्यायचे असतात आणि नखं निघायच्या आधी कापायची असतात. छोमरोंगला पोचेपर्यंत दोन्ही अंगठ्यांची नखं जांभळी झाली होती.

गुडघ्यांचं तर विचारू नका. काठ्या दोन घ्या, उताराला जरा लांब करा, आणि पायरीवर पाय आपटू नका, टेकवा. झिनूच्या गरम पाण्याच्या कुंडात अर्धा तास बसल्यावर कुठे पाय वाकले. घरी सराव करताना पायऱ्या उतरायचाही सराव करा, पाठीवर वजन ठेवून, सावकाश. तर्री-पोहे कुठे पळत नाहीत.

पोखऱ्याला दोन दिवस मोकळे ठेवा, कारण पॅराग्लायडिंग हवेवर असतं, आमचा पहिला दिवस ढगात गेला. सारंगकोट सुमारे १६०० मीटरवर, उतरायचं फेवा तलावाच्या काठी. पायलट पाठीमागे बांधलेला असतो आणि एकच गोष्ट सांगतो, धावत राहा, बसू नका. घाबरलेला माणूस नेमका कड्याच्या तोंडाशी बसकण मारतो. भाऊजी जिद्दीने धावले आणि हवेतही पाय मारत राहिले. आम्ही खालून पाहत होतो, सायकल चालवल्यासारखे. उन्हाने तापून वर जाणाऱ्या हवेत पंख गोल गोल चढतो, गिधाडंही त्याच हवेत फिरत असतात. अर्ध्या तासात पोट डचमळतं, नाश्ता हलका करा. फोटो-व्हिडिओचे पैसे धरून किंमत आहे की वेगळे, ते लिहून घ्या. आमच्याकडून एका बुकिंगवाल्याने उतरल्यावर वेगळे उकळले, आणि व्हिडिओत निम्मा वेळ भाऊजींच्या मिशाच आहेत.

भाच्याला कुश्माच्या २२८ मीटरच्या पुलावरून बंजी मारायची होती. ताई नाही म्हणाली. विषय संपला. त्रिशूलीचं राफ्टिंग काठमांडूच्या रस्त्यावर आहे, सोनौलीमार्गे परतणाऱ्यांनी त्या नादी लागू नये.

नागपूर स्टेशनावर उतरलो आणि पादचारी पुलाच्या जिन्याशी चौघंही थबकलो. चढणं जमलं. उतरताना एकेकजण कठडा धरून, खेकड्यासारखा आडवा, एक पायरी, दुसरी पायरी. मागून एक कुली दोन बॅगा डोक्यावर घेऊन झरझर खाली गेला आणि वळून म्हणाला, "काय झालं जी, पडले का कुठी?"

"नाही बाप्पा," भाऊजी म्हणाले, "ओरालो आहे."