आमची वाटचाल : क्यूबच्या नोंदवहीतून

बांधकामात नवे काय येत आहे हे पाहायला लोक प्रदर्शनांना जातात. आम्ही आमची क्यूबची, म्हणजे ताकद तपासायला ओतलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची, नोंदवही उघडतो, कारण एखादी वस्तू माहितीपत्रकात येणे वेगळे आणि दर आठवड्याला क्युरिंगच्या (क्यूब पाण्यात मुरवायच्या) टाकीत येणे वेगळे. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाची २००० सालची आवृत्ती आली आणि आरसीसीसाठी एम-२० (चौरस मिलिमीटरला २० न्यूटन ताकदीची) ही किमान ग्रेड ठरली, त्याच सुमारास आम्ही कोल्हापुरात ही काँक्रीट चाचणी प्रयोगशाळा सुरू केली. कर्ज काढून घेतलेले क्यूब दाबून फोडायचे यंत्र १००० किलोन्यूटनचे होते आणि एम-२० चे क्यूब बहुधा ६०० च्या आतबाहेर फुटत असल्याने ते जन्मभर पुरेल असे वाटले होते.

वहीने तो समज मोडला. नदीच्या वाळूच्या जागी दगड फोडून केलेली क्रश सँड आली, सिमेंट-वाळू-खडीच्या ठरावीक १:१.५:३ प्रमाणाच्या जागी आरएमसी (तयार काँक्रीट पुरवणाऱ्या) प्लांटचे मिक्स डिझाइन आले, आणि एके दिवशी पुलाच्या गर्डरचे एम-४५ चे क्यूब दारात उतरले. १५० मिलिमीटरच्या क्यूबला ४५ गुणिले २२,५०० (चौरस मिलिमीटर) म्हणजे किमान १,०१२ किलोन्यूटन भार लागतो. काटा शेवटच्या आकड्याला टेकला, क्यूब मात्र तसाच उभा होता. मी पंप बंद केला आणि काम परत पाठवले.

ते काम ज्या प्रयोगशाळेत गेले तिचे यंत्रही आमच्याएवढेच होते, तरी तिथून एम-५० चे रिपोर्ट दुसऱ्या दिवशी निम्म्या दरात मिळू लागले, आणि तिन्ही क्यूबचे आकडे असे जुळलेले असत की खऱ्या काँक्रीटमध्ये तसे महिनोन्‌महिने घडत नाही. आमच्या बारा टाक्यांपैकी नऊ कोरड्या पडल्या. ही गोष्ट मी आजही विसरलेलो नाही.

इचलकरंजीचे एक ठेकेदार, आमचे अण्णा, तेवढे टिकले. आमच्याच रिपोर्टमुळे त्यांना दोन कॉलम स्वखर्चाने पाडावे लागले होते. तरी त्यांनी वर्षभराची फी आगाऊ दिली आणि त्यातून २००० किलोन्यूटनचे यंत्र आले.

नव्या मुलांना सांगतो : क्यूब ओलाच लावा, थापीने गुळगुळीत केलेली बाजू प्लेटखाली येऊ देऊ नका आणि भार मिनिटाला १४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर या वेगानेच वाढवा; घाईने वाढवला तर क्यूब आहे त्याहून मजबूत दिसतो. आपोआप पसरून बसणारे सेल्फ कॉम्पॅक्टिंग काँक्रीट येऊ लागल्यापासून वहीत स्लंपशेजारी (ओले काँक्रीट किती खचते त्या मापाशेजारी) ‘फ्लो’, म्हणजे ते किती पसरते, असा रकाना पट्टीने आखावा लागतो. अण्णांचे क्यूब अजूनही मी स्वतःच यंत्रावर लावतो.