मोठी गाठ राहिली, छोटी काढली

पाळीच्या दिवसांत ऑफिसच्या खुर्चीवर काळी ओढणी दुमडून ठेवायची सवय लागली होती. अंगावरून एवढं जायचं की रात्रीसुद्धा उठून पॅड बदलावं लागे. 'चाळिशीनंतर होतं असं,' हे घरातल्या बायकांचं ठरलेलं उत्तर. जिना चढताना धाप लागू लागली तेव्हा रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 7.4, बाईला निदान 12 तरी हवं.

सोनोग्राफीत गर्भाशयाला दोन गाठी निघाल्या. एक सहा सेंटिमीटरची, दुसरी अडीच. पहिल्या डॉक्टरांनी मोठीवर बोट ठेवून म्हटलं, 'मुलं झालीत ना? पिशवी काढून टाकू.' जाऊबाईंचंही तेच मत. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा सरसकट काढल्या गेल्या, ते 2019 मध्ये वाचलेलं डोक्यात होतं. म्हटलं, आणखी कुणाला तरी दाखवू.

दुसऱ्या मॅडमनी रिपोर्टच्या मागेच पिशवीचं चित्र काढलं. या गाठी फायब्रॉइडच्या, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूचीच वाढ. कॅन्सर क्वचितच निघतो. इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनवर पोसतात, म्हणून पाळी गेल्यावर बहुतेक आक्रसतात. मोठी गाठ पिशवीच्या बाहेरच्या अंगाला होती, तिचा रक्तस्रावाशी फारसा संबंध नव्हता. छोटी मात्र आतल्या पोकळीत आली होती. 'त्रास हिचा आहे,' मॅडम म्हणाल्या. गाठ केवढी आहे यापेक्षा कुठे आहे हे बघायचं, हे तोवर मला कुणीच सांगितलं नव्हतं. रक्तस्राव कमी करायला पिशवीत हार्मोनची तांबी बसवतात, तिचं विचारलं. पोकळीत गाठ असली की तांबी निसटून पडायची शक्यता जास्त, म्हणून नको म्हणाल्या.

आधी रक्त भरून काढायचं होतं. लोहाच्या गोळ्यांनी पोट बिघडायचं, म्हणून सलाईनमधून लोह दिलं. जास्त जाण्याच्या दिवसांपुरत्या रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या होत्या. हिमोग्लोबिन दहाच्या वर गेल्यावर तारीख मिळाली.

पोटावर एकही टाका नाही. खालूनच दुर्बीण घालून गाठ तासून काढली. कमरेत इंजेक्शन दिलं होतं, मी जागी होते. पोकळी फुगवायला आत सलाईन सोडतात; ते जास्त प्रमाणात रक्तात शोषलं गेलं तर धोका, म्हणून सिस्टर सारखा हिशोब सांगत होत्या, आत किती गेलं, बाहेर किती आलं. मला ते विजेच्या मीटरचं रीडिंग घेतल्यासारखं वाटत होतं! दुसऱ्या दिवशी घरी. मेडिक्लेमच्या कागदांचा ताप त्याहून मोठा, पण तो विषय वेगळा.

काढलेले तुकडे तपासणीला गेले, रिपोर्ट साधा आला. पाळी आता चार-पाच दिवसांत आटपते. मोठी गाठ आहे तिथेच आहे. वर्षातून एकदा सोनोग्राफी करून तिचं माप घ्यायचं, आणि पोट जड वाटलं किंवा लघवीला सारखं जावं लागलं तर लगेच दाखवायचं. जाऊबाई अजून विचारतात, 'मग मोठी ठेवलीच कशाला?' रिपोर्टमागचं ते चित्र मी त्यांच्यापुढे ठेवते.