बकथॉर्न आणि बेशरम

रविवार, रात्र

संध्याकाळी भाचीचा व्हिडिओ कॉल. तिच्याकडे नुकतं उजाडलेलं. अमेरिकेत मॅडिसनला विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकते, पण हल्ली अभ्यासापेक्षा रानाच्याच गप्पा जास्त. मेंडोटा तलावाच्या काठाने विद्यापीठाने सुमारे 300 एकर रान राखून ठेवलंय. त्यातलं पिकनिक पॉइंट म्हणजे पाण्यात लांबवर घुसलेली जमिनीची चिंचोळी पट्टी. (नाव ऐकून मला वाटलं गरम भजी मिळत असतील. छे! तिथे हो-चंक या तिथल्या मूळ रहिवासी लोकांच्या पूर्वजांनी रचलेले दफनाचे उंचवटे आहेत.) विद्यापीठाने ती पट्टी 1941 साली विकत घेतली म्हणून बरं, नाहीतर तलावाकाठची जागा बिल्डर सोडतात होय?

"मावशी, हे बघ," म्हणत तिने फोन फिरवला. ओकची पानं झडलेली, मधूनमधून हिरवीगार झुडपं. मी म्हटलं, किती छान! तर म्हणते, "छान काय, तेच तर काढायचंय." बकथॉर्न. कुंपणासाठी युरोपातून आणलेलं, आता रानभर झालंय. नोव्हेंबरात बाकीची झाडं उघडी पडली तरी हे हिरवंच, म्हणून नेमकं हेरता येतं. नुसतं कापलं तर पुन्हा फुटतं. कापल्याबरोबर बुंध्याला झुडूप मारायचं औषध लावावं लागतं. काल तिने दिवसभर तेच केलं, हाताला फोड आलेत.

मी आज सकाळीच इथे इंदूरच्या सिरपूर तळ्यावर जाऊन आले होते. वारकरी (पक्षी हो, विठोबाचे नव्हेत!) पुष्कळ, जांभळ्या पाणकोंबड्याही. आणि काठावर तोडून टाकलेल्या बेशरमाचा, त्या चिवट झुडपाचा, ढीग. खालच्या, ओल्या मातीला टेकलेल्या दांड्यांना चक्क कोवळी पानं आलेली! तोडून तिथेच टाकलं की त्याचं फावतंच. होळकरांच्या काळातलं हे तळं 2022 मध्ये रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) गेलं, 2025 मध्ये इंदूरला पाणथळ शहराचा मान मिळाला. पाट्या लागल्या, सेल्फीवाले आले. पण त्याच्या कितीतरी आधीपासून भालू मोंढे आणि त्यांच्यासोबतचे स्वयंसेवक या तळ्यासाठी झटत होते. आपल्याकडे नैसर्गिक जागा म्हटलं की ती आपोआप राहते अशी समजूत. जलकुंभी काढू नका आणि बघा मग, पाणी तरी दिसतंय का.

भाची डिसेंबरात येतेय. सिरपूरला कमळपक्षी दाखव म्हणाली. म्हटलं दाखवते, पण येताना तिकडचे जाड हातमोजे आण, दोन जोड. आणि त्याची ती लांब शेपटी दिसायची नाही, ती पावसाळ्यापुरतीच. आधीच सांगून ठेवलं, नंतर कुरकुर नको.