त्या गुन्ह्यात माझे नाव नाही

घरकामगार बायकांच्या संघटनेचे अध्यक्षपद का सोडले, हे मला अजूनही विचारले जाते. त्यात "चांगल्या चाललेल्या संघटनेला वाऱ्यावर सोडलेत" असा सूर असला, की उत्तर द्यावेसे वाटत नाही. तरीही तुम्ही विचारलेत म्हणून एकदाच लिहिते.

आमच्या मागण्या नव्याने सांगत नाही. 2008 साली कायदा झाला आणि त्यातल्या कल्याण मंडळाचे लाभ पदरात पडावेत म्हणून मोर्चे काढणे आमच्या नशिबी आले, हे सर्वांना ठाऊक आहे. अशाच एका डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर आम्ही यशवंत स्टेडियमपासून निघालो आणि मॉरिस कॉलेज टी-पॉईंटवर अडवले गेलो. पाच जणींच्या शिष्टमंडळाला आत बोलावणे आले. निघताना मी माईकवरून म्हणाले, "मी परत येईपर्यंत कोणीही उठायचे नाही." टाळ्या पडल्या. आत मंत्र्यांच्या दालनाबाहेर दीड तास बसलो. चहा आला, बिस्किटे आली. मंत्र्यांनी मला नावाने हाक मारली, आणि खरे सांगायचे तर मला ते आवडले. त्याच दीड तासात बाहेर परवानगीची वेळ संपली, रस्ता मोकळा करण्याचा आदेश निघाला आणि बायका पोलिसांना एकच सांगत राहिल्या, की ताई आल्याशिवाय उठणार नाही. निवेदनाची पोच घेऊन मी परतले, तेव्हा रस्त्यावर चपला आणि एक फाटका फलक उरला होता. अकरा जणींवर गुन्हा दाखल झाला. मी जागेवर नव्हते, म्हणून माझे नाव त्यात नाही.

त्यांतली एक धरमपेठेत तीन घरी धुणीभांडी करायची. तारखांच्या खाड्यांपायी दोन घरे सुटली. तिसऱ्या घरी गुन्ह्याचे कळले. न्यायालयाच्या व्हरांड्यात ती मला म्हणाली, "ताई, तुम्हीच तं म्हणल्या होत्या, उठाचं नाही म्हणून." ही तक्रार असती तर मी उत्तर दिले असते. सांगितलेले नीट पाळले, एवढेच ती मला कळवत होती.

परवानगीचा अर्ज माझ्या सहीचा होता, जामीनदार मी उभे केले, प्रत्येक तारखेला मी गेले. रस्ता रिकामा करण्याची घाई ज्यांनी केली, त्यांचा दोष मी अंगावर का घ्यावा? हे मी तेव्हाच्या बैठकीत बोलले आणि त्यातला एकही शब्द मला आज खोटा वाटत नाही. पण 23 नोव्हेंबर 1994 रोजी याच भागात गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन 114 जीव गेले, आणि त्यांच्या स्मारकापाशी नव्या कार्यकर्त्यांना उभे करून मीच सांगत असे, की बाहेर पडायची वाट आधी दाखवा आणि गर्दी सोडून जाताना सूत्रे कुणाच्या तरी हाती द्या. त्या दिवशी मी माईक टेम्पोच्या फळीवर ठेवून आत गेले होते.

पद सोडले तेव्हा हीच जबाबदारी घेणे, असे मला वाटले. आज वाटते, की राजीनाम्याने एकीचीही तारीख वाचली नाही. वकिलाच्या मागे लागणारे माणूस मात्र काही महिने कमी झाले. उद्या पुन्हा तीच वेळ आली तर राहीन की जाईन, हे मला सांगता येणार नाही.

तिची माफी मागितली का, असेही काहींनी विचारले. नाही. त्या व्हरांड्यात मागणारच होते, तेवढ्यात पुकारा झाला आणि ती आत गेली. माझ्या नावाचा पुकारा होणार नव्हता, म्हणून मी बाहेर थांबले.