सही

अहवाल तयार होता, शेवटच्या पानावर फक्त माझी सही हवी होती. सोन्याच्या साठ्याचा तो अंदाज दुसऱ्याच दिवशी शेअर बाजारात जाहीर व्हायचा होता.

आमच्या धंद्यात असल्या अहवालावर कंपनीची नव्हे, एका माणसाची सही चालते. खनिज साठ्यांचे अहवाल कसे द्यायचे हे ठरवणाऱ्या जॉर्क नियमावलीत त्याला ‘कॉम्पिटंट पर्सन’ म्हणतात. त्याला त्या प्रकारच्या खनिजाचा किमान 5 वर्षांचा अनुभव लागतो. शिवाय तो अशा व्यावसायिक संस्थेचा सभासद हवा, जी वेळ पडली तर त्याला निलंबित करू शकते, काढूनही टाकू शकते. तोवर माझ्या लेखी संस्था म्हणजे वर्गणी आणि वार्षिक सभेतली लांबलचक भाषणं.

सही करण्याआधी सवयीने प्रयोगशाळेचे आकडे चाळले. नमुन्यांमध्ये अधूनमधून आम्ही मुद्दाम बिनसोन्याचा दगड घालतो, त्याला ‘ब्लँक’ म्हणतात. तिथे सोनं दिसायला नको. तीन ब्लँकमध्ये दिसलं, आणि तिन्ही भरघोस सोन्याच्या नमुन्यांच्या लगेच मागचे. म्हणजे दळणाचं यंत्र नीट साफ झालं नव्हतं, आधीच्या नमुन्याची भुकटी पुढच्यात मिसळली होती. हे घडतं. जमिनीत घेतलेल्या बोअरमधून दगडाचा जो दंडगोल निघतो, म्हणजे गाभा, त्याचा अर्धाच भाग प्रयोगशाळेत जातो; उरलेला अर्धा पुन्हा तपासला की निस्तरतं.

म्हणून गाभ्याच्या पेट्या ठेवतात त्या कोअर शेडमध्ये गेलो. दोन बोअरच्या सगळ्या पेट्या रिकाम्या! अर्धा गाभा ठेवण्याऐवजी अख्खाच चुरून पाठवला होता.

“घाई होती,” व्यवस्थापक म्हणाले.

माझ्या डोक्यात एकच नाव आलं: बुसांग. इंडोनेशियातल्या त्या प्रकल्पात ब्रे-एक्स या कॅनेडियन कंपनीने 7 कोटी औंसांच्या सोन्याचा दावा केला होता. तिथेही बहुतेक गाभा पूर्ण चुरला जायचा, त्यामुळे पडताळून पाहायला फारसं काही उरतच नसे. नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळल्याचं 1997 मध्ये उघड झालं. इथे लबाडी असेल असं मला वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. पण लबाडी नव्हती हे दाखवणार कशावरून?

संस्थेच्या आचारसंहिता समितीवरच्या एका ज्येष्ठांना फोन केला. सही करा किंवा करू नका, असं ते बोललेच नाहीत. एवढंच विचारलं, “उद्या आमच्यासमोर बसलात तर त्या दोन बोअरबद्दल काय सांगाल?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते दोन्ही बोअर हिशेबातून काढले. ते गेल्यामुळे जवळजवळ असलेली निरीक्षणं विरळ झाली आणि साठ्याचा मोठा हिस्सा ‘इंडिकेटेड’मधून ‘इन्फर्ड’ या कमी खात्रीच्या वर्गात घसरला. ब्लँकची गोष्टही अहवालात स्पष्ट लिहिली.

“असा अहवाल आम्हाला नको,” व्यवस्थापक म्हणाले. “सही करणारा दुसरा मिळेल.”

मिळालाही असेल. पण त्याचंही नाव कुठल्या तरी संस्थेच्या यादीत असणारच.