पाठकोरा कागद

१०० मीटर सरळ कुंपण, दर १० मीटरवर एक खांब. खांब किती? तोंडी विचारलं की दहा हे उत्तर ठरलेलं. पाठकोऱ्या कागदावर ३० मीटरचीच रेघ ओढा आणि खांब रोवत जा. अंतरं तीन, खांब चार! म्हणजे १०० मीटरला अकरा. गोल कुंपणाला मात्र दहाच, कारण तिथे शेवटचा खांब हा पहिलाच असतो.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तले भुंगेही असेच कागदावर उतरवावेत. थव्याचा पाचवा हिस्सा कदंबावर, तिसरा शिलीन्ध्रावर, दोहोंतल्या फरकाची तिप्पट कुटजावर (हा आपला कुडा), आणि एक बिचारा केवडा की मालती या पेचात घिरट्या घालतोय. थव्यात भुंगे किती? 'क्ष मानू' म्हणायची घाई नको. एक लांब पट्टी काढा. पाच आणि तीन दोघांनीही भाग जायला हवा, म्हणून चौकटी १५. दहाच काढल्या तर तिसरा हिस्सा चौकटीच्या पोटातच तुटतो. बरेचजण तिथेच वैतागून पेन्सिल टाकतात. आता रंगवा: तीन, पाच, फरक दोन म्हणून सहा. चौदा भरल्या, एक कोरी. तिच्यात एक भुंगा, तर थवा १५ चा. चार उरले असते तर दर चौकटीत चार, एकूण ६०. पट्टी तीच.

भूमितीत मात्र सुबक आकृती घात करते. त्रिकोण समद्विभुज दिसला की दिलेलं नसतानाही दोन बाजू सारख्या धरल्या जातात. तो मुद्दाम वाकडा काढावा.

उपमेचंही तसंच. वीज समजावताना गच्चीवरची टाकी हमखास येते: उंची म्हणजे व्होल्टेज, धार म्हणजे करंट, अरुंद पाइप म्हणजे रोध. १० मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो दाब, म्हणून तळमजल्यावर धार जोरात आणि टाकीखालच्याच मजल्यावर शॉवर रडका. इथवर छान. पण न्यूट्रल वायर (करंटची परतीची तार) कशाला, हे टाकी सांगत नाही. नळाचं पाणी मोरीत जातं, परत वर चढत नाही. शिवाय पाइप कापला तर घरभर पाणी, वायर कापली तर करंट बंद. अशा वेळी टाकी सरळ खोडावी आणि पंप बसवलेला पाइपचा बंद फेरा काढावा. पाणी फिरून पंपाकडेच येतं. वायर तुटणं म्हणजे या फेऱ्यातला व्हॉल्व्ह बंद होणं.