फ्रिक्वेन्सी देशाची, व्होल्टेज मात्र नागपूरचं

नवतप्यात वीज गेली की नागपुरात एक प्रश्न हमखास ऐकू येतो. कोराडीचं कोळशावरचं वीजकेंद्र आपल्या उशाशी, खापरखेडा १३४० मेगावॉटचं, मौदा २३२० मेगावॉटचं, जरा खाली चंद्रपूर २९२० मेगावॉटचं. राख आपल्या वाट्याला, मग अंधारही आपल्याच वाट्याला का?

पहिलं उत्तर अगदी साधं आहे. बहुतेक वेळा गल्लीतला ट्रान्सफॉर्मर किंवा एखादी केबल जळालेली असते, ग्रिडचा, म्हणजे वीजकेंद्रं आणि शहरं जोडणाऱ्या मोठ्या लाइनच्या जाळ्याचा, तिथे काडीचाही संबंध नसतो. पण ग्रिडच अडचणीत येते तेव्हाही नागपुरात मेगावॉटची वानवा क्वचितच असते. खरी ओढाताण असते ती व्होल्टेजची आणि ट्रान्सफॉर्मरमधल्या मोकळ्या जागेची. हा फरक कळला की भार प्रेषण केंद्रातून, म्हणजे ग्रिडवर नजर ठेवणाऱ्या नियंत्रण कक्षातून, येणाऱ्या, वरकरणी तिरपागड्या वाटणाऱ्या सूचनांचा अर्थ लागतो.

आधी फ्रिक्वेन्सी, म्हणजे एसी विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं. ३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर–रायचूर ७६५ केव्ही (किलोव्होल्ट) लाइनने दक्षिणेची ग्रिड जोडली गेली आणि सगळा देश एका फ्रिक्वेन्सीवर आला. तेव्हापासून अंबाझरीच्या भार प्रेषण केंद्रात दिसणारा आकडा आणि गुवाहाटीत दिसणारा आकडा एकच. ती ठेवायचा पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झचा. कोराडीचा ६६० मेगावॉटचा एक संच ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, तर फ्रिक्वेन्सी काही शतांश हर्ट्झनेच खाली येते, कारण धक्का देशभरातल्या फिरत्या यंत्रांमध्ये वाटला जातो. फ्रिक्वेन्सी घसरली की संचाने उत्पादन किती वाढवायचं ते ड्रूप ठरवतो. पाच टक्के ड्रूप असलेल्या संचाला २.५ हर्ट्झच्या घसरणीवर पूर्ण क्षमतेइतका प्रतिसाद द्यायचा असतो. म्हणजे ०.१ हर्ट्झला चार टक्के, ६६० च्या संचाला साधारण २६ मेगावॉट. हे काम गव्हर्नर, म्हणजे टर्बाइनची वाफ कमीजास्त करणारं यंत्र, स्वतःहून करतो, ४५ सेकंदांच्या आत, आणि पाच मिनिटं धरून ठेवतो. दरम्यान दर चार सेकंदांनी दिल्लीहून निघणारा सेकंडरी कंट्रोलचा, म्हणजे दुसऱ्या टप्प्यातल्या नियंत्रणाचा, सिग्नल निवडक संचांना वरखाली करत असतो. तेवढ्याने भागलं नाही तर पंधरा मिनिटांत टर्शरी, म्हणजे तिसऱ्या टप्प्यातली, राखीव वीज येते.

कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात एखादा संच झडपा पूर्ण उघड्या ठेवून, बॉयलरचा दाब जेमतेम सांभाळत चाललेला असेल तर त्याच्या गव्हर्नरकडे द्यायला काहीच उरलेलं नसतं. ओला कोळसा, कोळसा दळणारी एखादी बंद पडलेली मिल, एवढंही पुरतं. म्हणून भार प्रेषण केंद्राने वीजकेंद्राला रोज फक्त "किती मेगावॉट?" एवढंच विचारून चालत नाही, "अजून किती वर जाल, आणि किती मिनिटांत?" हेही विचारावं लागतं.

दिवसाच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ ब्लॉकचं वेळापत्रक, राज्याने ठरल्यापेक्षा जास्त ओढलं तर लागणारा दंड, ऐरोलीच्या राज्य आणि मुंबईच्या पश्चिम विभागीय भार प्रेषण केंद्रांमधली देवाणघेवाण, हा सगळा मेगावॉटचा हिशेब. तो देशभर फिरवता येतो. नागपुरात संच पडला तर कोयनेचं पाणी मदतीला येऊ शकतं.

मेगाव्हारचं तसं नाही. मेगाव्हार हे रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरचं माप; ही पॉवर प्रत्यक्ष काम करत नाही, पण मोटरचं चुंबकीय क्षेत्र उभं करायला आणि व्होल्टेज टिकवायला लागते. रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर लांबून आणायला गेलं तर वाटेतल्या लाइनच ती खाऊन टाकतात. ती जिथली तिथेच तयार करावी लागते. आता नागपूरचा मे महिन्यातला लोड बघा. घराघरात कूलर, त्यात पंख्याची एक मोटर आणि पाण्याच्या पंपाची दुसरी, शिवाय एसीचे कॉम्प्रेसर. पॉवर फॅक्टर म्हणजे ओढलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामाचा वाटा. १०० मेगावॉटचा लोड ०.८५ पॉवर फॅक्टरवर चालला तर त्याला ६२ मेगाव्हार लागतात. तोच ०.९५ वर आणला तर ३३. मधले २९ मेगाव्हार कपॅसिटरने, म्हणजे मेगाव्हार पुरवणाऱ्या उपकरणाने, तिथल्या तिथे द्यायचे असतात. आणि कपॅसिटरची गोम अशी की त्याचा पुरवठा व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. व्होल्टेज ९० टक्क्यांवर आलं की तो ८१ टक्केच देतो. गरज वाढते नेमका तेव्हाच तो हात आखडता घेतो.

यातली सगळ्यात घातक सवय म्हणजे टॅप वाढवणं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांचं प्रमाण बदलून खालचं व्होल्टेज चढवणं. २२० केव्हीचं व्होल्टेज घसरतंय आणि उपकेंद्रातला ऑपरेटर ३३ केव्ही सावरायला टॅप चढवतोय, हे नेहमीचं दृश्य. त्याच्या बाजूने तो बरोबरच असतो, तक्रारी त्याच्या फोनवर येतात. पण खालचं व्होल्टेज सावरलं की लोड पुन्हा पूर्ण ओढू लागतो, वरचा करंट वाढतो, २२० केव्ही आणखी खाली जातं, मग दुसरा टॅप. असे चार-पाच उपकेंद्रांनी एकाच वेळी टॅप चढवले तर घसरण थांबवणं हाताबाहेर जातं. क्रम उलटा हवा: आधी कपॅसिटर बँका आत घ्या, मग खापरखेडा–कोराडीच्या संचांकडून मेगाव्हार मागा, मेगाव्हार शोषणारा रिअ‍ॅक्टर सुरू असेल आणि बाहेर काढता येत असेल तर काढा, आणि टॅप अगदी शेवटी. संचाकडेही मर्यादा असतेच. जनरेटरच्या रोटरचा, म्हणजे फिरत्या भागाचा, करंट तापमानाच्या हद्दीत ठेवायचा तर कधी मेगाव्हार देण्यासाठी चक्क मेगावॉट कमी करावे लागतात. वीज हवी असताना संचाचं उत्पादन उतरवा म्हणणारी सूचना येते, ती यामुळे.

दुसरी ओढाताण ट्रान्सफॉर्मरची. ४००/२२० केव्हीच्या उपकेंद्रात ३१५ एमव्हीए क्षमतेचे दोन आयसीटी (दोन व्होल्टेज पातळ्या जोडणारे मोठे ट्रान्सफॉर्मर) आहेत म्हणून ६३० एमव्हीए वापरता येतात, हा गैरसमज फार पसरलेला आहे. दोघांवर मिळून ४०० असताना एक ट्रिप झाला की सगळे ४०० उरलेल्या ३१५ वर येतात आणि काही वेळात तोही जातो. म्हणून आधीच लोड दुसऱ्या बसवर, म्हणजे वीज वाटणाऱ्या दुसऱ्या सामाईक पट्टीवर, सरकवायचा, नाहीतर लोड ट्रिमिंग स्कीम लावून ठेवायची, म्हणजे पहिला जाताच ठरलेले फीडर, म्हणजे वस्त्यांना वीज नेणाऱ्या लाइन, आपोआप सुटतात. नागपुरात ४५ अंशांत तेलाच्या तापमानाचा अलार्म आधीच वाजत असतो. पंखे आणि तेलाचे पंप दोन्ही चालू असले तरच ट्रान्सफॉर्मर पूर्ण क्षमता देतो. त्यांचा पुरवठा गेला तर साधारण ६० टक्क्यांवर यावं लागतं. उन्हाळ्याआधी ट्रान्सफॉर्मरच्या कूलरचे फ्यूज आणि पंप बदलून बघणं हे चार आण्यांचं काम वाटतं, पण सगळ्यात जास्त फळतं तेच.

व्होल्टेज कमी आणि करंट जास्त झाला की संरक्षक रिलेही, म्हणजे बिघाड ओळखून लाइन तोडणारं उपकरणही, फसतो, हे ३० जुलै २०१२ ला देशाने पाहिलं. बिना–ग्वाल्हेर ४०० केव्ही लाइनवर फॉल्ट नव्हता. डिस्टन्स रिले व्होल्टेज भागिले करंट एवढंच बघतो, जड लोडमुळे तो भागाकार इतका लहान झाला की त्याला लांबवर फॉल्ट आहे असं वाटलं. लाइन सुटली आणि उत्तरेची ग्रिड कोसळली. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्यही गेली. पश्चिम विभाग वाचला, त्यामुळे नागपुरात त्याची आठवण फिकी आहे. पण चंद्रपूर–पडघे एचव्हीडीसीचा (उच्च दाबाच्या डीसी लाइनचा) दोनपैकी एक पोल सुटला की ७५० मेगावॉट क्षणात समांतर एसी लाइनवर येतात, आणि तेव्हा त्या लाइनच्या रिलेची थर्ड झोन सेटिंग, म्हणजे लांबवरच्या फॉल्टसाठीची मर्यादा, कुणी कधी तपासली होती, हा प्रश्न इथलाच असतो.

पावसाळ्यात चित्र पालटतं. शेतीपंप बंद, कूलर माळ्यावर, आणि रात्री ४०० केव्हीचं व्होल्टेज ४२० च्या वर जाऊ पाहतं. शंभर किलोमीटरची हलकी भारलेली ४०० केव्ही लाइन स्वतःच सुमारे ५५ मेगाव्हार तयार करते. रिअ‍ॅक्टर आत घेऊनही आवरलं नाही तर चांगली धडधाकट लाइन मुद्दाम उघडतात. उघडण्याआधी समांतर लाइनवर किती लोड येईल ते बघायचं, भार प्रेषण केंद्राचा कोड नंबर घ्यायचा, मग ब्रेकर. परत घेताना लाइन मजबूत ग्रिड असलेल्या टोकाकडून चार्ज करायची, म्हणजे आधी तिथून व्होल्टेज द्यायचं, आणि दुसऱ्या टोकाला सिंक्रो-चेक (दोन्ही बाजूंचं व्होल्टेज जुळतं का ते बघणारा रिले) त्यांच्यात अँगल, म्हणजे लहरींमधलं अंतर, दाखवत असताना तो बायपास करून ब्रेकर मारायचा नाही, कितीही घाई असली तरी. अँगल जास्त असेल तर आधी एका बाजूचं उत्पादन थोडं उतरवून तो कमी करून घेतात, त्यात पाऊण तास गेला तर जाऊ देतात.